अमृतरावांच्या पाठीवरचा तांदूळ

अमृतरावांनी उभा जन्म दुसऱ्यांची ओझी मोजली. तळेगावच्या एका कारखान्यात ते स्टोअरला होते. गेटमधून आत येणारं खोकं असो की बाहेर जाणारी गोणी, अमृतरावांनी काट्यावर ठेवून घेतल्याशिवाय ती पुढं सरकत नसे. उचलायला माणसं असत, अमृतराव बोट दाखवत. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या खांद्यावर स्वतःच्या शर्टाशिवाय दुसरं काही पडलं नव्हतं. त्यामुळं लोणावळ्याच्या दुकानात ती निळी बॅग पहिल्यांदा पाठीवर घेतली तेव्हा त्यांना आरशात एक निराळाच गृहस्थ दिसला. तो त्यांना आवडला.

बॅगेचं कारण त्यांची मुलगी. रेणुका लोणावळ्यात बँकेत अधिकारी आहे आणि दरवर्षी तिथल्या डोंगर चढणाऱ्या मंडळींबरोबर कुठं ना कुठं जाते. यंदा मे महिन्यात हिमाचल होतं, आणि जूनमध्ये तिची बदली व्हायची होती. कुठं, ते अजून बँकेलाही ठरवता आलं नव्हतं. एका रात्री जेवताना ती सहज म्हणाली, बाबा, येता का या वेळी? तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत अमृतराव हो म्हणून बसले. आणखी एक पोळी घ्या असं पाहुण्याला म्हणावं आणि पाहुण्यानं खरंच ताट पुढं करावं, तसं तिचं झालं. पण शब्द तर गेला होता. मग तिनं एक अट घातली. जाण्याआधी बॅगेची चाचणी घ्यायची. दहा किलो भरून कान्हे स्टेशनपासून आंदर मावळात चालत जायचं आणि चालतच परत यायचं. वाटेत वजन कमी करायचं नाही, दुसऱ्याच्या पाठीवर द्यायचं नाही, गाडीत बसायचं नाही. जेवढं नेलं तेवढं परत आलं पाहिजे. तसं झालं तर ती त्यांचं नाव देणार होती. नाही झालं तर आपण आईला घेऊन महाबळेश्वरला जाऊ, असं ती म्हणाली.

चाचणी बॅगेची नव्हती हे दोघांनाही ठाऊक होतं. पण घरात सगळे बॅगेचीच चाचणी म्हणत, आणि अमृतरावांचा मान त्या एका शब्दावर टिकून होता.

बॅग मात्र खरोखर बघण्यासारखी होती. अमृतरावांना आधी हे कळेना की बॅग लिटरमध्ये का मोजतात. तिच्यावर पंचेचाळीस लिटर असं लिहिलेलं होतं. त्यांच्या पत्नी निर्मलाबाई म्हणाल्या, म्हणजे गोठा काढायचाय का आता? दुकानदारानं सांगितलं होतं की तीस लिटर म्हणजे एका दिवसाची, साठ म्हणजे आठवड्याची, आणि ही मधली, म्हणजे सगळ्यात उपयोगी. अमृतराव स्वतः मध्यम उंचीचे, मध्यम पगारावर निवृत्त झालेले, दुसऱ्या मजल्यावर मधल्या फ्लॅटमध्ये राहणारे. मधली हा शब्द त्यांना पटला. पुढचे चार दिवस ते संध्याकाळी ती मांडीवर घेऊन बसत आणि एकेक पट्टा ओढून बघत. खांद्याचे दोन, ते आवळायचे दोन, कमरेचा एक जाड, छातीवर एक बारीक. तळाशी एक चोरकप्पा सापडला, त्यातून पावसाची टोपी निघाली, ती बॅगेची होती. पाठीकडच्या बाजूला ताणलेली जाळी होती, म्हणजे पाठ आणि बॅग यांच्यामधून वारा जावा. छातीच्या पट्ट्याची कडी चक्क शिट्टी होती. संकटात वाजवायची. अमृतरावांनी ती वाजवून बघितली तेव्हा खालून वॉचमन धावत आला आणि कुठली गाडी मागे घ्यायचीय ते विचारू लागला.

पहिला सराव जिन्यात केला. गव्हाचा डबा बॅगेत घालून ते तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढले आणि उतरले. दुसऱ्या फेरीला तिसऱ्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाबाईंनी दार उघडून पार्सल इथंच ठेवा असं न बघताच सांगितलं. तिसऱ्या फेरीला सोसायटीचे अध्यक्ष रतनशेठ जिन्यात आडवे आले. रतनशेठ माणूस वाईट नाही, पण इमारतीत काहीही हललं की ते नियमात बसतं का ते त्यांना बघावं लागतं. त्यांनी विचारलं की हे किती दिवस चालणार. अमृतराव म्हणाले, महिनाभर. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली की सभासदांनी विनाकारण जिना चढू-उतरू नये, फरशीची झीज होते. अमृतराव ती सूचना दोनदा वाचून आले. सबंध जिन्यात विनाकारण चढणारे ते एकटेच होते, त्यामुळं नाव लिहायची गरज नव्हती.

तरी वजन काय भरावं यावर सल्ला द्यायला रतनशेठच पहिले आले. विटा भरा म्हणाले. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, पाण्याच्या बाटल्या भरा, दमलं तर ओतून देता येतं. तेच रेणुकाला नको होतं. वर्तमानपत्राची रद्दी, जुनी इस्त्री, कुणाच्या तरी व्यायामाच्या लोखंडी चकत्या, सगळं सुचवून झालं. शेवटी निर्मलाबाईंनी स्वयंपाकघरातून पाच-पाच किलोचे दोन पुडे आणून ठेवले. म्हणाल्या, वजन छापलेलं आहे, पाठीला टोचणार नाही आणि परत आल्यावर खाता येईल. इंद्रायणी तांदूळ होता.

याहून शहाणपणाची गोष्ट असू शकते असं त्या घरात कुणालाही वाटलं नाही. हा तांदूळ कुठून आला होता आणि अमृतराव तो घेऊन कुठं चालले होते, या दोन गोष्टी सगळ्यांनी मिळूनही शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

तांदूळ उंबरदऱ्याच्या रखमाजींचा होता. उंबरदरा आंदर मावळात, टाकव्याच्या पुढं, डोंगराच्या पोटात. रखमाजी पूर्वी सगळं भात व्यापाऱ्याला घालत. यंदा त्यांच्या मुलानं, पप्पूनं, डोकं लढवलं, भात गिरणीतून काढून तांदळाचे पुडे केले, पुड्यांवर रखमाजींचा फेटा बांधलेला फोटो छापला आणि खाली फोन नंबर. तळेगावात वीस-पंचवीस घरं लागली. लोणावळ्याच्या एका हॉटेलशी बोलणं चाललं होतं. रखमाजी स्वतः अमृतरावांच्या घरी येऊन पुडे ठेवून गेले होते, चहा पिऊन, आणि एकदा आमच्याकडं या असं सांगून. अमृतराव चाचणीला त्याच वाटेनं निघाले, कारण ती एकच वाट त्यांना ऐकून माहीत होती.

माघ सरत आला होता. घोरावाडी स्टेशनवरून सकाळच्या गाडीनं ते निघाले. डब्यात उभं राहावं लागलं. मागच्या एका बाईंनी बॅगेच्या वरच्या फासात आपली भाजीची पिशवी अडकवली आणि वडगावला उतरताना सगळ्या डब्यात शोधून शेवटी तिथूनच काढून घेतली. अमृतरावांना काही कळलंच नाही. बॅग वजन छान पेलते एवढीच त्यांनी मनाशी नोंद केली.

कान्ह्याला उतरल्यावर पहिला तासभर मजेत गेला. कमरेचा पट्टा आवळला की खांदे हलके होत आणि खांद्याचे आवळले की कंबर. हा खेळ ते टाकव्यापर्यंत खेळत गेले. टाकव्याला रस्त्याकडेला लखनची चहाची टपरी आहे. तिथं चहा घेतला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, पण अमृतरावांना लय तोडायची नव्हती.

लखननं बसल्या जागेवरून विचारलं, "कुटं निघाला, आबा?"

"असंच."

"असंच म्हंजी कुनाकडं?"

"कुणाकडं नाही. असंच, चालत."

लखननं किटली खाली ठेवली. आंदर मावळात माणूस सोयऱ्याकडं जातो, दवाखान्यात जातो, चुकलेलं वासरू शोधायला जातो. एसटी क्वचित, म्हणून चालतो. पण असंच जात नाही. पाठीवर बोजा घेऊन तर नाहीच. एवढं भरून चाललाय आणि सांगत नाही, म्हणजे सांगण्यासारखं नाही, हे लखनला चहा न पिणाऱ्या माणसाबद्दल लगेच समजलं.

पुढं ठाकरवाडीपाशी अमृतरावांच्या पाठीनं पहिली तक्रार केली. बॅगेच्या जाळीतून वारा जात होता खरा, पण उन्हाचा. ते आंब्याखाली बसले आणि पाण्याची बाटली शोधू लागले. बाटली तळाशी होती. तांदूळ बाहेर काढल्याशिवाय ती हाती लागेना. म्हणून त्यांनी दोन्ही पुडे काढून गवतावर ठेवले. रखमाजी फेटा बांधून आभाळाकडं बघत पडले.

वाडीतला कान्हू शेजारीच कुंपणाला काट्या लावत होता. तो आला, आधी बॅगेकडं बघितलं, मग पुड्यांकडं. त्यानं शिट्टी ओळखली, ती हळूच फुंकून बघितली, पट्टे ओढले, आणि हे सगळं झाल्यावर विचारलं, "ह्ये रकमाजीआबाचं तांदूळ न्हवं?"

अमृतराव कौतुकानं हो म्हणाले.

"परत आनलं व्हय?"

"परत नाही. बरोबर घेऊन चाललोय."

"त्यांच्या गावाला?"

अमृतरावांनी इथं थोडा विचार केला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. ते म्हणाले की हा सराव आहे. वजन उचलण्याचा. कान्हूनं मान हलवली, पण त्याचा चेहरा उतरला होता. रखमाजींच्या खळ्यावर हेच भात त्यानं स्वतः झोडपलं होतं. "खडं निघालं का?" त्यानं विचारलं. अमृतराव म्हणाले, अजिबात नाही, उत्तम तांदूळ आहे. एवढा उत्तम तांदूळ कुणी एवढ्या लांब पाठीवर घालून परत आणत नाही, हे कान्हूला कळत होतं. त्यानं शहरातल्या माणसाची भीड समजून पुढं काही विचारलं नाही. अमृतराव वळणाआड गेल्यावर मात्र त्यानं दोन फोन केले. एक उंबरदऱ्याला आणि एक लखनला.

बातमी अमृतरावांच्या आधी गावात पोचली. त्यांच्या पाठीवर ओझं होतं, तिच्या पाठीवर काही नव्हतं.

रखमाजी धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. दोन्ही बाजूंना भावकीतली दोन-दोन माणसं. ठरलेलं लग्न मोडायला सोयरे येतात तेव्हा बसतात तशी बैठक. पुढं सतरंजी आणि तांब्या. एकदा या म्हणाले होते ते आठवून अमृतराव फाटकातून आत आले तेव्हा सगळ्यांची नजर त्यांच्या तोंडावर नव्हती, खांद्याच्या वर होती.

रखमाजी म्हणाले, "या अमृतराव. पानी प्या. मंग सांगा काय चुकलं आमचं."

अमृतराव पाणी प्यायले, त्यांनी बॅग उतरवली आणि सगळं सांगितलं. हिमाचल सांगितलं, मुलगी सांगितली, दहा किलोची अट सांगितली. मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं. पंचायतीत खोटं बोलणाऱ्याचंही ऐकून घेतात, तसं. मग भावकीतल्या एकानं विचारलं की वजनच पाहिजे होतं तर दगड काय वाईट होता, दगड तर हितं फुकट हाय. दुसऱ्यानं विचारलं की बाई रागावल्या का, भात गिच्च होतो म्हणून? इंद्रायणी चिकटच असती, पानी कमी घालाय लागतं. तिसरा म्हणाला, टोकं-किडं पडली असतील, पुडा नीट बांधला नसंल पप्पूनं. पप्पू खांबाला टेकून उभा होता, तो लालेलाल झाला.

सरूबाई, म्हणजे रखमाजींच्या मंडळी, आतून विळी घेऊन आल्या. म्हणाल्या, वादच कशाला, पुडा फोडा, मूठभर शिजवते, सगळ्यांच्या देखत खाऊन बघू. आणि त्या पुड्यापाशी बसल्या.

अमृतराव झटकन पुढं झाले आणि त्यांनी दोन्ही पुडे छातीशी धरले. एक दाणाही कमी झाला की रेणुकाची अट मोडली. पण त्यांचं ते धावणं त्या बैठकीत फार वाईट दिसलं. फोडूही देत नाही म्हणजे आत काहीतरी भयंकर असलं पाहिजे. चौथा माणूस, जो आतापर्यंत बोलला नव्हता, तो हळूच म्हणाला, "उंदीर?"

रखमाजींनी डोळे मिटून घेतले.

शेवटी सरूबाईंनी घरातल्या कणगीतला तोच तांदूळ शिजवला. अमृतरावांनी तो सगळ्यांसमोर खाल्ला. कालवण वांग्याचं होतं आणि भात खरोखर सुरेख होता, पण त्यांनी खाल्ला तो पोटासाठी नाही, साक्षीसाठी. दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला. रखमाजींचा चेहरा थोडा सैल झाला. अमृतरावांच्या पाठीवर न्यायचा तांदूळ दहा किलोच राहिला, पण पोटातला कुणी मोजला नाही.

जेवण झाल्यावर बॅग पुढं ओढली गेली. सगळ्यांना ती बघायचीच होती, मघाशी भांडणापायी राहून गेलं होतं. भावकीतल्या चौघांनी ती आळीपाळीनं पाठीवर घातली आणि अंगणात चकरा मारल्या. कमरेच्या पट्ट्याचं सगळ्यांना नवल वाटलं. सरूबाईंनी तो हात लावून बघितला आणि म्हणाल्या की पोर कडेवर घेतल्यावर भार असाच कमरेवर जातो. मग त्यांनी एकदम पप्पूकडं बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"आपला पप्पू न्हाई का, टाकव्याला जाऊन लोखंड उचलून ठेवतो आन् पुन्यांदा उचलतो? त्येला काय इच्यारलं का कुनी, कशाला उचलतोस? ह्यांचं तसंच हाय. फकस्त वय झाल्यावर सुचलं."

एवढं एक वाक्य अमृतरावांनी दिवसभर शोधलं असतं तरी त्यांना सापडलं नसतं. भावकीतली माणसं पप्पूकडं बघून, मग अमृतरावांकडं बघून, हळूहळू माना हलवू लागली. अमृतरावांना पप्पूच्या रांगेत बसवलेलं तितकंसं रुचलं नाही, पण सुटका झाली हे खरं.

आता त्यांच्या मनात काय होतं ते सांगायला हवं. त्यांचा उजवा गुडघा जेवताना मांडी घालून बसल्यापासून दुखत होता. खांद्यांवर पट्ट्यांचे दोन लाल वळ उठले होते. अंगणात पप्पूची मोटारसायकल उभी होती. पप्पूनं मघाशीच म्हटलं होतं, काका, कान्ह्याला सोडतो. अमृतरावांनी मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं. तांदूळ राहू दे इथंच, पुढच्या खेपेला नेऊ. महाबळेश्वर काही वाईट नव्हतं. निर्मलाला आवडलं असतं. रेणुकाला काय सांगायचं तेवढं फक्त जुळत नव्हतं. तिनं काही म्हटलं नसतं, आणि ते काही न म्हणणंच त्यांना नको होतं.

ते तोंड उघडणार तेवढ्यात रखमाजी त्यांना बाजूला घेऊन गेले. गोठ्यापाशी उभं राहून म्हणाले, "मला पटलं, अमृतराव. आमच्या मंडळींनी सांगितलं तवाच पटलं. पन खालच्या लोकांचं काय? तुमी वर येताना समद्यांनी बगितलंय. कान्हूनं लखनला सांगितलंय. लोनावळ्याच्या हाटेलाची भाजीची गाडी सांजच्याला लखनच्या टपरीवर थांबती. आज त्या डायवरनं ऐकलं का रकमाजीचं तांदूळ गिऱ्हाईक चालत येऊन तोंडावर मारून गेलं, तर संपलंच. तीस वर्सं येपाऱ्याला घातलं, त्यानं माझं नाव कुटं लावलं न्हाई. यंदा पयल्यांदा लावलंय."

मग ते अमृतरावांच्या गुडघ्याकडं बघत म्हणाले, "ह्ये तांदूळ जसं वर आलं तसंच खाली गेलं पायजे. तुमच्याच पाठीवर. गाडीवर न्हाई. गाडीवर घातलं तर म्हनतील, रकमाजीनं गयावया करून परत धाडलं."

अमृतरावांनी जुळवून ठेवलेलं वाक्य गिळलं. रेणुकाची अट मोडायला त्यांना जिवावर आलं असतं, पण मोडली असती. ही दुसरी अट मोडायला मात्र जागाच नव्हती.

निघताना पप्पूनं बॅग नव्यानं भरली. एक पुडा आत घातला आणि दुसरा बाहेरच्या ताणपट्टीच्या खिशात, फोटो बाहेर येईल असा. म्हणजे सगळ्यांना दिसेल. तसं अमृतराव उंबरदऱ्यातून निघाले तेव्हा ते पुढं बघत होते आणि रखमाजी फेटा बांधून मागं. पप्पू गाडीवरून हळूहळू मागोमाग येऊ लागला, काही झालं तर असावं म्हणून. रखमाजींनी त्याला हाक मारून परत बोलावला. बरोबर माणूस दिला की तो पोचवायला दिलेला दिसतो.

उतारावर चढापेक्षा गुडघ्याला जास्त काम असतं हे अमृतरावांना कुणी सांगितलं नव्हतं. ठाकरवाडीत कान्हू कुंपणापाशीच होता. त्यानं आधी अमृतरावांचा घामेजलेला चेहरा बघितला, मग ते पुढं गेल्यावर पाठीवरचे रखमाजी बघितले, आणि काट्या टाकून तो बरोबर चालू लागला. थोड्या वेळानं अमृतरावांनी मागं बघितलं तर वाडीतली आणखी तिघंचौघं होती. तांदूळ वर गेला तेव्हा वाईट बातमी होती. तो परत खाली आला तेव्हा मात्र काय आहे ते कुणालाच कळत नव्हतं, आणि न कळता घरी बसून राहायचं म्हणजे कठीण काम.

अशी ती मंडळी टाकव्याला पोचली तेव्हा लखनच्या टपरीवर बाकडं भरलेलं होतं. लोणावळ्याच्या हॉटेलची गाडी झाडाखाली उभी होती, ड्रायव्हर बशीतून चहा पीत होता. आणि टपरीच्या कडेला स्कूटर लावून रेणुका उभी होती. अमृतरावांचा फोन दुपारपासून लागत नव्हता. डोंगरात त्यांच्या कंपनीची रेंज नसते हे तिला माहीत होतं, तरी ती बँकेतून लवकर निघून आली होती.

तिनं वडिलांना बघितलं, त्यांच्या मागची माणसं बघितली, आणि पुढं यायला निघाली. त्याआधी लखन पुढं झाला.

"आबा, बोजा दाखवा बरं. तांदूळच हाय ना?"

अमृतराव वळले. रखमाजींनी टाकव्याला दर्शन दिलं. लखननं पुडा चाचपला, बांधणी बघितली. फुटलेला नव्हता. आतला दुसराही फुटलेला नव्हता.

"म्हंजी परत केलं न्हाई."

"नाही."

"मंग नेलं कशाला?"

ड्रायव्हरनं बशी खाली ठेवली. अमृतरावांनी पुन्हा एकदा, शेवटचं म्हणून, खरं सांगितलं. मुलीबरोबर हिमाचलात जायचंय, त्याचा सराव.

लखननं ते तोलून बघितलं. "हिमाचलात भात मिळत न्हाई का?"

अमृतरावांच्या लक्षात आलं की इथं सरूबाई नाहीत आणि पप्पूही नाही. खरं म्हणून जे काही होतं ते त्यांनी सगळं देऊन संपवलं होतं. कारखान्याच्या गेटवर त्यांनी एका ग्रॅमचंही खोटं कधी लिहिलं नव्हतं. गुडघा ठणकत होता, खांदे पेटले होते, आणि ड्रायव्हर आता उठून गाडीकडं बघत होता. अमृतरावांनी घसा साफ केला.

"खरं सांगू का? घरी ठेवला की शेजारी संपवतात. रतनशेठ म्हणून आहेत खाली, वाटी घेऊनच येतात. मागच्या खेपेचा पुडा चार दिवस टिकला नाही. म्हणून आता जाईन तिथं पाठीवर. रखमाजींना तेच सांगायला गेलो होतो, की यंदा जास्त ठेवा."

टपरीवर कुणी हसलं नाही. लखननं सावकाश मान हलवली. हे पटण्यासारखं होतं. कान्हूच्या तोंडावर तर, मला सकाळीच का नाही सांगितलं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. फक्त ड्रायव्हर लोणावळ्याचा, म्हणून थोडा संशयी. त्याला रेणुका दिसली, मघाशी वडिलांची चौकशी करत आलेली. त्यानं विचारलं, "ताई, तुमचे वडील ना? खरंय का हे?"

रेणुकानं वडिलांकडं बघितलं. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, छातीचा पट्टा चुकीच्या भोकात, पायातल्या बुटांवर डोंगराची लाल धूळ, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता हिनं काय ते करावं. रेणुका बँकेत खोटी कागदपत्रं पकडण्यासाठी नावाजलेली होती.

ती म्हणाली, "खरं आहे. रात्री उशाशी घेऊन झोपतात. आई रोज ओरडते."

ड्रायव्हरनं खिशातून फोन काढला आणि अमृतरावांच्या मागं जाऊन उभा राहिला. रखमाजींच्या फोटोखालचा नंबर बारीक होता. त्याच्यामागं बाकड्यावरची आणखी दोघं आली, त्यांच्या पाव्हण्यांना पाहिजे होता म्हणाली. मग लखन स्वतः आला. "हलू नका, आबा," तो म्हणाला, आणि अमृतराव भर रस्त्यात, डोळे मिटून, आकडे उतरून होईपर्यंत खांबासारखे उभे राहिले. मागून कुणीतरी शेवटचे दोन आकडे मोठ्यानं वाचत होतं.

सगळं झाल्यावर लखननं चहा पुढं केला. या वेळी अमृतरावांनी तो घेतला. रेणुकानंही घेतला. मग तिनं स्कूटरची किल्ली लखनकडं दिली आणि गाडी उद्या नेते म्हणाली.

लखन म्हणाला, "आवो, आबांना बसवून घेऊन जावा की. केवडं दमल्यात."

"नाही," ती म्हणाली, "आमचं अजून स्टेशनपर्यंत आहे."

ती दोघं कान्ह्याच्या रस्त्याला लागली. ऊन उतरलं होतं. तिनं बॅग मागितली नाही आणि त्यांनी दिली नाही. एका ओढ्यापाशी थांबून तिनं त्यांचा छातीचा पट्टा सोडवला, बरोबर भोकात घातला आणि खांद्याचे दोन्ही एकसारखे केले.

"मे असला तरी वर रात्री गारठा असतो, बाबा," ती म्हणाली. "जाड स्वेटर लागेल तुम्हाला."

अमृतरावांनी खांद्याच्या पट्ट्यावरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "बॅगेत मावेल?"

"तांदूळ काढला तर मावेल."